साक्षीदार

दादा, तुमच्या मृत्यूचा दाखला आणायला
भायखळ्याच्या वॉर्ड ऑफिसात गेलो.
खिडकीतल्या बाईंनी नाव वाचलं,
जयराम धोंडू तोडणकर, घोडपदेव,
आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"हे तर दुसऱ्यांचे दाखले न्यायला यायचे."
मी मान हलवली.
मागच्या रांगेला त्या म्हणाल्या, थांबा जरा.

तुमची सही मला लहानपणापासून पाठ आहे.
गोदीत पेट्या रचाव्यात तशी रचलेली अक्षरं,
आणि शेवटच्या 'र'चा पाय
क्रेनच्या आकड्यासारखा खाली येऊन वर वळलेला,
अजून काही उचलायचं राहिल्यासारखा.
कुणाच्या लग्नाच्या नोंदीवर,
कुणाच्या पतपेढीच्या कर्जावर,
जैनबच्या अब्बांच्या पागडीच्या कागदावर,
आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अंकुशने
दारू सोडली म्हणून शंभर पानी वहीत लिहून दिलं
त्याच्या खाली. तेही तीनदा,
तीन वेगवेगळ्या तारखांना.
तिसऱ्या वेळी सगळे हसले.
तुम्ही खिशाचं पेन काढून टोपण उघडलंत.

मला राग यायचा. आता खोटं कशाला बोलू.
माझ्या दहावीच्या निकालाला
तुम्ही धोबीतलावच्या कोर्टात,
वाडेकर म्हातारीच्या भाड्याच्या भानगडीत.
आलात रात्री साडेनऊला.
चपला न काढता, उंबऱ्यातच गुणपत्रिका वाचलीत,
गणिताच्या आकड्यावर बोट ठेवून जरा थांबलात
आणि म्हणालात, "म्हातारीची खोली वाचली."
दोन्ही बातम्यांवर मिळून पेढा एकच खाल्लात.
त्या एका पेढ्याशी
मी किती वर्षं भांडत राहिलो.

आणि तरी जूनमध्ये
आमच्या वह्यांना चढायचा तो खाकी कागद
तुम्ही गोदीतून छातीशी गुंडाळून आणलेला असायचा.
भूगोलाला लवंगेचा वास, इतिहासाला डांबराचा.
आईचे गुडघे गेले
तशी पहाटेच्या पाण्याची पाळी तुम्ही घेतलीत.
पिंप, कळशी, शेवटी तांब्या,
आणि नळ बंद करताना त्याच्यावरून हात फिरवायचात,
दूध काढून झाल्यावर गाईवरून फिरवावा तसा.
ताईला टेलिफोन खात्यात उशिराची पाळी लागली,
तर दीड वर्षं रे रोडच्या पुलाच्या तोंडाशी
बंडी आणि लेंग्यावर उभे.
ती ओरडायची, मी काय लहान आहे?
तुम्ही म्हणायचात, मी हवा खायला आलो होतो.
रे रोडला कसली हवा, दादा.

त्या दिवशी जिना अरुंद पडला.
खाली उतरवताना प्रत्येक वळणावर
कुणीतरी खांदा मागत होतं,
आणि आम्ही पोटची मुलं
भिंतीला चिकटून वाट देत होतो.
अंकुश पुढे होता. शुद्धीत.
मला वाटतं, अकरावं वर्ष असेल त्याचं.

वॉर्ड ऑफिसातून परतलो तर
जिन्याच्या पहिल्या पायरीवर जैनब बसलेली,
मांडीवर मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज.
काही बोलली नाही. रकान्यावर नख टेकवलं,
ओळखणाऱ्या व्यक्तीची सही.
मी वीस वर्षं सही इंग्रजीत करतो,
बँकेला लागते तशी, एका झटक्यात, न वाचता येणारी.
पेन धरून बराच वेळ उभा राहिलो.
मग मराठीत लिहिलं, अक्षर अक्षर जुळवत.
'र' काही वळला नाही. तिथेच
खिळ्यासारखा सरळ उतरून थांबला.

जैनबने ओल्या शाईवर फुंकर घातली,
कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.
"चालेल," म्हणाली.
आणि जाता जाता, दोन पायऱ्या चढून, मागे वळून,
"सोमवारी कोर्टात कुणी येतं का रे आपल्यातलं?
वाडेकरांच्या नातवाला तारीख आहे."